पारखीबाईंचा डावा डोळा

देवानं माणसाला डोळे दिले ते जग बघायला. माणूस असा शहाणा, की त्यानं ते जगाला दाखवायला काढले. वाचणाऱ्यांनी हसून सोडू नये. आपल्यातल्या प्रत्येकाकडं मिरवायचं असं काहीतरी असतंच. कुणाचा गळा, कुणाची हुशार मुलं, कुणाचा नुसता साधेपणासुद्धा. पारखीबाईंकडं डोळे होते.

खड्यांच्या पेढीत उत्तरेच्या खिडकीपाशी एक उंच स्टूल होतं. त्या खिडकीतून ऊन येत नसे, उजेड तेवढा यायचा, दिवसभर एकसारखा. त्या स्टुलावर बाई एकतीस वर्षं बसल्या. समोर पांढरा कागद, हातात चिमटा, डोळ्याला भिंग. पांढऱ्यातून पिवळट बाजूला काढायचा, निळ्यातून करडा, आणि खऱ्यातून खोटा. बाजारात कुठंही घासाघीस चालली असो, "बाईंनी बघितलाय ना? मग बांधा पुडी," असं कुणी म्हटलं की भांडण मिटायचं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी त्यांना मानानं निवृत्त केलं. भाषण झालं, भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. "आणखी काय देऊ, बाई?" असं मालकांनी विचारलं तेव्हा त्यांनी टेबलदिव्यातला जुना तारेचा बल्ब मागून घेतला. सगळे हसले. पण बाईंना ठाऊक होतं, हल्लीच्या पांढऱ्या दिव्यात काही खडे आपलं दुसरं तोंड दाखवतच नाहीत. त्याला असा पिवळा, कोमट उजेडच लागतो. बल्ब त्यांनी जुन्या मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

त्यांच्या भावाची मुलगी दागिने घडवायला शिकली ती आत्याकडं बघून. सहा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात राबली आणि गेल्या वर्षी तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या: पुढच्या खोलीत कामाचं टेबल, मागच्या खोलीत ती. साखळ्या जोडून देणं, अंगठ्या सैल करणं, असली बारीकसारीक कामं यायची. आणि मग एक दिवस निवृत्त कप्तान आला. जहाजावर चाळीस वर्षं काढलेला माणूस, बोलताना अजून वाऱ्यावर मात करायची सवय.

"बायकोला अंगठी करायची आहे," तो ओरडला. "परदेशी बंदरात एकदा एक खडा पाहिला होता. दिवसा हिरवा, दिव्यात लाल. तेव्हा खिसा फाटका होता. आता तोच पाहिजे. खरा. खोटा असेल तर सांगून टाका, मी काचसुद्धा घेईन, पण काच म्हणून घेईन."

त्या खड्याला इंग्रजीत अलेक्झांड्राइट असं लांबलचक नाव आहे; बाजारात नुसतं 'दुरंगी' म्हणतात. मसुराएवढा चांगला दुरंगी वर्षानुवर्षं नजरेला पडत नाही. अंगठी जमली असती तर कप्तानाच्या ओळखीची दहा घरं भाचीकडं आली असती. खोटी निघाली असती, तर टेबल गुंडाळून पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात. मधला रस्ता नव्हता. भाचीनं साठवलेलं सगळं काढलं आणि आत्याला म्हणाली, "तू चल. तुझ्याशिवाय मी हात लावणार नाही."

बाईंनी कपाटातून मोजा काढला.

पेढीवर मालकांनी दारात येऊन हात जोडले. "बाई! तुमचं स्टूल बघा, तसंच आहे. त्यावर कुणी बसायला धजत नाही."

"बसायला लायक कुणी मिळत नाही म्हणा," बाई म्हणाल्या आणि चढून बसल्या. चढताना पायरीचा अंदाज थोडा चुकला. स्टुलाला दोष देऊन त्या मोकळ्या झाल्या.

मालकांनी पुडी उलगडली. आत एकच खडा. "बघा," ते म्हणाले. "काय आहे ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते नाव, तुम्ही सांगाल तो भाव."

इथं बाजाराचा एक रिवाज सांगायला हवा. खड्याचं नाव विकणारा घेत नाही, पारखणारा घेतो. पारखणाऱ्यानं तोंडानं नाव उच्चारलं, की खडा त्या नावाचा झाला. मग परत घेणं नाही, कुरकुर नाही. बाईंनी आयुष्यभर अशी नावं घेतली होती, आणि त्यांच्या तोंडून नाव ऐकायला माणसं श्वास धरून उभी राहायची. त्या श्वास धरण्याची सवय लागते हो. ती दारूपेक्षा वाईट.

त्यांनी खडा खिडकीशी धरला. हिरवा. थोडा दबलेला, पण हिरवाच. मग भाचीनं पडदा ओढला, दिव्यात जुना बल्ब बसवला. खडा लालसर झाला, पिकल्या बोरासारखा. भिंगाखाली आत कुठं रेघ नाही, डाग नाही.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "मला उजेडात जरा निळसर वाटला गं."

"तुझे डोळे कोवळे आहेत. हिरव्यात निळं पहिल्यांदा सगळ्यांनाच दिसतं."

"तरी पण, प्रयोगशाळेत पाठवू या का? आठच दिवस लागतील. कागद हातात असला की..."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला गं? एकतीस वर्षं या खिडकीत बसले ते उजेड खायला?"

"नाही, नाही, पाठवा," मालक लगबगीनं म्हणाले. "मी म्हणतो पाठवाच. फक्त बाईंनी बघितल्यावर वर कागद मागणारं गिऱ्हाईक मी आज पहिल्यांदाच बघतोय, एवढंच."

पेढीवरची दोन-चार माणसं हसली. भाचीचे कान लाल झाले. आणि बाईंनी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नाव घेतलं: "दुरंगी. खरा." भावही त्यांनीच सांगितला. मालकांनी पुडीवर हात ठेवला, व्यवहार मिटला. बिलावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: रंग बदलणारा खडा, एक नग.

उतरताना भाचीनं हात धरला. "माझं काही चुकलं का गं?"

"चुकलं नाही. शिकशील."

महिन्याभरानं बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या. कारण म्हणाल तर अगदी साधं: कपात चहा ओतताना चहा टेबलावर गेला, आणि भावानं पाहिलं. नाहीतर त्या कबूल झाल्याच नसत्या. दिव्यांभोवती गोल तेज दिसायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. पुस्तक दूर धरावं लागायचं, मग जवळ, मग नकोच. 'वय झालं' म्हणायचं आणि पुढं चालायचं.

डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा आधी केला. "आजी, हा मोतीबिंदू किती पिकलाय माहितेय? अगदी चहाच्या रंगाचा. इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होता."

"आजी कुणाला म्हणतेस? मला रंग कळत होते सगळे," बाई म्हणाल्या.

"कळत नव्हते, आजी. सवय झाली होती."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि बाई लहान मुलासारख्या हसल्या. भिंत पांढरी होती! त्यांना वाटलं होतं, दवाखान्यानं मळकट पिवळा रंग दिलाय. खिडकीबाहेर आभाळ निळं होतं, असं निळं की जणू कुणीतरी आत्ताच धुऊन वाळत घातलंय. डाव्या डोळ्याला अजून दोन महिने होते. त्या एक डोळा झाकायच्या, मग दुसरा. उजव्यानं पांढरी उशी, डाव्यानं जुन्या कागदासारखी. भावाला म्हणाल्या, "देवानं डोळे परत दिले रे." अन् खरंच, त्या क्षणी त्यांच्या मनात कृतज्ञतेशिवाय दुसरं काही नव्हतं.

आनंद सांगायला त्या थेट भाचीकडं गेल्या.

अंगठी टेबलावर लाकडी चिमट्यात धरलेली होती. काम सुरेख झालं होतं, कोंदण असं की खडा त्यातच जन्मल्यासारखा. "परवा संध्याकाळी कप्तान येणार," भाची म्हणाली. तिच्या नाकावर पॉलिशचा काळा ठिपका होता. "आधी सांग, तुला मी कशी दिसते?"

"काळ्या नाकाची," बाई म्हणाल्या आणि अंगठी उचलून दाराच्या उजेडात नेली.

खडा निळा होता.

करडा निळा, पाटीसारखा. त्यांनी उजवा डोळा झाकला. हिरवा. डावा झाकला. निळा. हिरवा. निळा.

"आत्या, डोळे काय मिचकावतेस? समोरच्या शिंप्याला वाटेल त्याला खूण करतेस."

"बल्ब लाव बरं तो," बाई म्हणाल्या. भाचीनं लावला; त्या दिवसापासून तो तिच्याच दिव्यात होता. डाव्याला बोराचा लाल, उजव्याला जांभळा. मग त्यांनी नव्या डोळ्याला भिंग लावलं आणि खड्याच्या पोटात खोल, गाण्याच्या तबकडीवरच्या रेघांसारख्या बारीक वळणदार रेषा पाहिल्या. जमिनीतल्या खड्यात रेघा सरळ असतात. अशा वळणदार फक्त भट्टीतून निघालेल्या. कुरुंदाची पूड वितळवून कारखान्यात मूठमूठ करतात तो माल. हा त्यांनी हजारो वेळा बाजूला काढला होता, न थांबता, गप्पा मारता मारता.

पिवळ्या काचेतून निळं हिरवं दिसतं आणि जांभळं लाल. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पारखीबाईंना कळलं नव्हतं, कारण आपल्या डोळ्यांत काच आहे हेच त्यांना मान्य नव्हतं.

"कसा आहे?" भाचीनं विचारलं.

"काम छान झालंय," बाई म्हणाल्या, आणि निघाल्या.

मालक एकटेच होते. बाईंनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "भट्टीतला दिलात मला. माझ्या भाचीच्या पोटावर पाय दिलात."

मालकांनी उठून दार लोटलं. आवाज चढवला नाही. "ऑपरेशन झालं वाटतं. बरं झालं. बसा."

"बसत नाही."

"मी त्याला दुरंगी म्हटलं का, बाई? आठवून सांगा. मी म्हटलं, तुम्ही सांगा. नाव तुम्ही घेतलंत. भाव तुम्ही सांगितलात. पोरगी निळा म्हणाली, तिला गप्प तुम्ही केलंत. कागद नको, तुम्ही म्हणालात."

"तुम्हाला माहीत होतं."

"खड्याचं? होतं."

"माझ्या डोळ्यांचं."

मालकांनी खिडकीकडं बघितलं. मग म्हणाले, "शेवटची तीन वर्षं तुम्ही घरी गेल्यावर तुमच्या पुड्या मी रोज उघडत होतो. पांढऱ्यात पिवळट घातलेले काढून परत लावत होतो. रोज, बाई. माझी पाठ गेली त्यात. तुम्हाला वाटलं, पगार डोळ्यांचा मिळतोय. पगार नावाचा होता. बाईंनी बघितलाय म्हटलं की गिऱ्हाईक पाकीट काढायचं. ते नाव मी तीन वर्षं पोसलं; एकदा त्याच्यावर जेवलो तर एवढं काय?"

एकतीस वर्षांतून तीन वजा झाली असती तर बाईंनी सोसलं असतं. पण आता कुठली तीन, हेच कळेना. त्याआधीच्या वर्षी डोळे चांगले होते? त्याच्याही आधी?

"सांगायचं होतंत मला," त्या शेवटी म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?" मालकांनी हात चोळले. "आता माझं ऐका. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो दर्यावर्दी कुठं भिंग लावून बसणार आहे? अंगठी त्याच्या बायकोच्या बोटात जाईल, रंग बदलेल, म्हातारी खूश. बोललात तर पोरीचं गिऱ्हाईक जाईल आणि तुमचं नाव. मग गेल्या सहा वर्षांत तुम्ही पास केलेली प्रत्येक पुडी माणसं माझ्या दारात आणून टाकतील. तेव्हा मलाही खरं सांगावं लागेल, कधीपासूनचं ते."

ती रात्र आणि पुढची सकाळ बाईंनी कशी काढली ते देवाला ठाऊक. एवढं खरं, की त्यांनी गप्प बसायचा विचार केला. चांगला पुरता केला. माणूस पुण्यवान असतो तो मोह पडत नाही म्हणून नव्हे. पडतो, आणि मग कधी उठतो, कधी नाही. बाई दुपारी उठल्या.

भाची डबी पुसत होती. बाईंनी उभ्या उभ्या सांगितलं: खडा, रेषा, पिवळी काच, मालक, रोज उघडलेल्या पुड्या. मालकांचं सांगताना आवाज चढला. "दरोडेखोर आहे तो! तीस वर्षं मीठ खाल्लं त्याचं, आणि..."

"आत्या, थांब." भाचीनं डबी खाली ठेवली. "तुला दिसत नव्हतं हे तुला कधी कळलं?"

"ऑपरेशन झाल्यावर. पट्टी निघाली तेव्हा."

"तसं नाही विचारत. दिव्याभोवती गोल दिसतं असं तू बाबांना कधी सांगितलंस? चार वर्षं झाली ना? त्या दिवशी स्टुलावर चढताना पाय चुकला, मी पाहिलं. मी कागदाचं बोलले, तेव्हा तुला आतून थोडीसुद्धा शंका नव्हती? थोडीसुद्धा?"

समोरच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज मध्येच थांबला. बाईंना खोटं बोलता आलं असतं. नव्या डोळ्यानं त्यांना भाचीचा चेहरा फार स्वच्छ दिसत होता. हनुवटीवरचा लहानपणचा व्रणसुद्धा.

"होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर चिडले."

भाचीनं टोकदार हत्यार घेऊन कोंदणाची कड उचलायला सुरुवात केली. आठ दिवसांचं काम पाच मिनिटांत उकललं. खडा टेबलावर पडला, बारीक टक्क असा आवाज झाला.

"मला निळा दिसला होता," ती म्हणाली. "पहिल्याच नजरेत. मला दिसत होतं, आत्या. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, कारण तू शेजारी होतीस."

मालकाचे शब्द परतवता येतात, त्याला चार शिव्या घालता येतात. हे परतवता येत नव्हतं.

कप्तान आला. भाचीनं त्याला सगळं सांगितलं, आत्याचं नाव न घेता. "मी फसले," एवढंच म्हणाली. कप्तान पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "खरं सांगितलंत, मान आहे. पण पोरी, ज्याला खोल पाणी कळलं नाही त्याच्या हाती जहाज देत नाहीत." तो गेला, आणि खड्यासाठी बाजारातल्या सगळ्यांत जुन्या, भरवशाच्या पेढीत गेला. मालकांनी तीन-चार महिन्यांत त्याला खरा दुरंगी मिळवून दिला, प्रयोगशाळेच्या कागदासकट.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या सकाळी बाईंनी तो भट्टीतला खडा मागून आणला आणि खिडकीशी धरला. उजवा डोळा झाकला. हिरवा होता. आयुष्यभर शोधलेला हिरवा. थोडा वेळ त्यांनी तो पाहिला, मग पुडी बांधून पर्समध्ये टाकली आणि दवाखान्यात गेल्या.

दोन्ही डोळे नवे झाल्यावर त्या रोज दुपारी भाचीकडं जाऊन बसू लागल्या. भाची नको म्हणत नसे. चहा द्यायची, उशीर झाला तर रिक्षा बघून द्यायची. टेबल अजून होतं, पण आता ती मालकांच्या पेढीची कामं करत होती, नगावर. "तिचा हात सोन्यासारखा आहे, नजर कच्ची असली म्हणून काय झालं," असं मालक चार लोकांत म्हणायचे. कुणाची नजर कच्ची, हे बाजारात सांगायला त्या दोनदा उठल्या होत्या. दोन्ही वेळा भाचीनंच थांबवलं. "आता सांगून माझं काम परत येणार नाही. आणि तुझं जायचं ते जाईल. राहू दे." तिच्या बोलण्यात दया होती. दयेला रागासारखं उत्तर देता येत नाही, हेच तर दयेचं दुखणं.

एका दुपारी पेढीचा माणूस एक डबी टाकून गेला. भाचीनं पुडी उलगडली. कप्तानाचा खडा बसवायला तिच्याकडंच आला होता.

दारातून उजेड येत होता. त्या उजेडात खडा हिरवा होता. कोवळ्या पानाचा असतो तसला, आतून हसणारा. भाचीनं दार लोटून टेबलदिवा लावला. त्यात बाईंचाच जुना बल्ब होता. खडा लाल झाला, एकदम, रक्त चढावं तसा. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. दोन स्वच्छ डोळे, बऱ्याच वर्षांनी, खोलीत सगळ्यांत चांगले. भिंग टेबलाच्या त्यांच्याच बाजूला होतं. नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. कुणी नुसतं वळून बघितलं असतं तरी पुरे होतं.

भाचीनं पुडीतला प्रयोगशाळेचा कागद काढला, घडी सरळ केली, त्यावरचा नंबर बोटानं धरून वाचला, वजन ताडून बघितलं, आणि मान हलवली.

"बरोबर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग वर न बघता, आदरानंच, "आत्या, तेवढा उजेड अडतोय गं."

बाई बाजूला सरकल्या.